घरी बांधलेला पुढचा रिसीव्हर आणि काढता-घालता येणारी विंच : एक परीक्षण

पिकअप ट्रकच्या पुढच्या बंपरखाली चौकोनी रिसीव्हर, म्हणजे दांडा आत घालून पिनेने अडकवण्याची नळी, बसवायचा, विंच (दोर ड्रमवर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारे विजेवरचे यंत्र) एका स्वतंत्र क्रेडलवर, म्हणजे मागे दांडा असलेल्या चौकटीवर, पक्की करायची आणि गरज पडेल तेव्हाच तो क्रेडल रिसीव्हरमध्ये सरकवून पिन घालायची, अशी ही व्यवस्था आहे. तयार विंच-बंपर न घेता ती स्वतः बांधता येते आणि जाड पोलाद कापण्या-जोडण्याची सवय असलेल्या माणसाला ती अवघडही नाही. मी ती बांधली आहे आणि नियमित वापरतो. माझे मत आधीच सांगतो. ज्याला विंच क्वचितच लागते, पण लागते तेव्हा तिच्यावाचून अडते, त्याच्यासाठी ही व्यवस्था अतिशय उपयुक्त आहे. मात्र तिची खरी ताकद सरळ ओढीत आहे. बाजूच्या ओढीला ती कितपत पुरी पडेल हे बांधणाऱ्याने कागदावर गणित मांडून ठरवले नसेल, तर बाहेरून कितीही भक्कम दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.

विंच कायमची पुढे लावून ठेवण्याचे तोटे लहान नाहीत. ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढीची विंच पोलादी दोरासह ४० किलोच्या आसपास भरते आणि तिला धरणाऱ्या जड बंपरचे वजन वेगळेच. हे सगळे ओझे पुढच्या चाकांच्याही पुढे लटकत असल्यामुळे गाडीचे नाक खाली बसते, रेडिएटरकडे जाणारी हवा अडते, चढाच्या पायथ्याशी बंपर लवकर टेकतो आणि विंचचे काँटॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारे जड स्विच) वर्षभर चिखल-पाणी खात राहतात. काढून ठेवता येणारी विंच कोरड्या जागी राहते, ती चोरीला जाण्याची धास्ती उरत नाही, आणि मागेही रिसीव्हर असेल तर तीच विंच मागे लावून गाडी आल्या वाटेने परत ओढून घेता येते. हा शेवटचा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रुतलेली गाडी पुढे रेटण्यापेक्षा जिथून आली त्या घट्ट जमिनीवर मागे नेणेच बहुतेक वेळा शहाणपणाचे असते आणि पुढे पक्की बसवलेली विंच त्या कामी उपयोगी पडत नाही.

बांधणीचे तीन भाग आहेत : चासीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा पाइप, त्याला जोडलेली रिसीव्हर ट्यूब आणि विंच धरणारा क्रेडल. रिसीव्हर ट्यूब आतून २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी चौकोनी असते. बाहेरून अडीच इंच आणि भिंतीची जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. तिच्यात आडवी जाणारी पिन पाच-अष्टमांश इंचाची, म्हणजे जवळजवळ १६ मिमीची. ही मापे मागच्या टोइंग रिसीव्हरसारखीच ठेवण्यात मोठी सोय आहे, कारण मग सायकल-रॅक, पायरी, टो-हुक असे इतर साहित्यही पुढे बसवता येते. मात्र नेहमीचा चौकोनी पाइप आणून चालत नाही. त्याच्या आतल्या बाजूला लांबीभर वेल्डिंगची शिवण उभारलेली असते आणि दोन इंचांचा दांडा त्या शिवणीवरच अडतो. ती शिवण कानशीने किंवा ग्राइंडरने आतपर्यंत काढणे कंटाळवाणे काम आहे; रिसीव्हरसाठीच बनवलेली, आतून साफ केलेली ट्यूब आणि तिच्या तोंडाशी जाड कॉलर, एवढे दोन भाग तयार घ्यावेत आणि बाकीचे घरी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चासीला जोड कसा द्यायचा यावर सगळा डोलारा उभा राहतो. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या चासीच्या, उभ्या भिंतीत भोक पाडणे एकवेळ चालते, पण वरच्या आणि खालच्या पट्टीत ते कदापि पाडू नये. चासी वाकण्याचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर असतो आणि भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. कारखान्यातून टो-हुकसाठी आलेली भोके बहुतेक गाड्यांत पुढच्या टोकाशी असतातच. १० मिमी जाडीच्या बाजूच्या प्लेटा त्या भोकांशी जुळवून घेतल्या तर नवीन भोकांची गरज कमी पडते. बोल्ट ८.८ दर्जाचे आणि १२ मिमीचे असले तरी त्यांतला एकेक ४९ किलोन्यूटन, म्हणजे ५ टनांच्या आसपास ताण कायमचा न लांबता सोसतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला चार बोल्ट असल्यावर बोल्ट तुटण्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती चासीच्या पत्र्याची. बंद पेटीसारख्या चासीत बोल्ट आरपार घालून आवळला तर दोन्ही भिंती आत दबतात आणि आवळणे आपोआप ढिले पडते. म्हणून आत नळीचा तुकडा घालून बोल्ट त्यातून न्यावा लागतो. जिथे हात पोचत नाही तिथे तो तुकडा बसवणे हे या कामातले सर्वांत किचकट काम आहे, आणि ते टाळले आहे की केले आहे यावरूनच एखाद्या घरगुती रिसीव्हरचा दर्जा ओळखता येतो.

चासीला थेट वेल्डिंग करू नये. चासीच्या पोलादाला कारखान्यात दिलेली ताकद उष्णतेने जोडाभोवती कमी होऊ शकते आणि पुढे ती प्लेट काढायची झाली तर पुन्हा कापाकापी करावी लागते. याच ठिकाणी आणखी एक गंभीर गोष्ट आहे. अनेक गाड्यांत चासीची पुढची टोके अपघातात चुरगळून धक्का शोषण्यासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली असतात, आणि एअरबॅग केव्हा फुटायची याचा हिशेबही गाडीचे नाक कसे दबते यावर बेतलेला असतो. दोन टोकांना जोडणारा जाड आडवा पाइप हा हिशेब बदलू शकतो. त्या विशिष्ट गाडीसाठी कारखान्याने बनवलेला तयार रिसीव्हर घेण्याच्या बाजूने मला दिसणारा हा सर्वांत सबळ मुद्दा आहे. जुन्या, एअरबॅग नसलेल्या, सरळ चासीच्या पिकअपवर मी घरगुती बांधणीची शिफारस निःशंकपणे करतो. नव्या गाडीवर ती करताना चुरगळणारा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी पाहावे असे आग्रहाने सांगतो.

आता मुख्य मुद्दा : ताकद. रिसीव्हर पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी पिनेकडे बोट दाखवतो आणि एवढीशी पिन चार टनांची ओढ कशी सोसेल असे विचारतो. पिन दोन ठिकाणी कातरली जाण्याच्या ताणात असते; तिचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३९६ चौरस मिमी होते आणि ४२ किलोन्यूटनची पूर्ण ओढ त्यावर वाटली तर ताण १०७ मेगापास्कलच्या (मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिमीवर एक न्यूटन) आत राहतो. चांगल्या पोलादाच्या पिनेला हे सहज झेपते. खरा कमकुवत दुवा क्रेडलचा दांडा, म्हणजे रिसीव्हरमध्ये जाणारा तो दोन इंची चौकोनी पाइप, हा आहे. आणि तो ओढीने तुटत नाही, तर वाकतो.

दांडा दोन दिशांनी वाकतो. पहिली दिशा उभी. विंच प्लेटवर बसते, प्लेट दांड्याच्या वर असते, त्यामुळे दोराची रेषा दांड्याच्या मध्यरेषेपासून सुमारे ७५ मिमी उंच येते. पूर्ण ओढीला या उंचीमुळे ३.२ किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर तयार होतो, आणि पाव इंची भिंतीच्या पोकळ दांड्यात त्याचा ताण २१० मेगापास्कलच्या पुढे जातो. ओढ अगदी सरळ असली तरी हा ताण असतोच आणि दांडा कितीही आखूड केला तरी तो कमी होत नाही. साधे पोलाद २५० मेगापास्कलच्या सुमारास कायमचे वाकू लागते, म्हणजे सरळ ओढीतच पोकळ दांडा आपल्या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा असतो. दुसरी दिशा आडवी. दोर ३० अंश बाजूला गेला की पूर्ण ओढीचा निम्मा भाग आडवा पडतो. दोर जिथून बाहेर पडतो ते ठिकाण रिसीव्हरच्या तोंडापासून ३०० मिमी पुढे असेल, तर ६.३ किलोन्यूटन-मीटरचा जोर तयार होतो आणि पोकळ दांड्यातला ताण ४२० मेगापास्कलपर्यंत चढतो. याचा अर्थ दांडा वाकेल की नाही असा प्रश्नच उरत नाही. तो वाकतो, आणि वाकलेला दांडा रिसीव्हरमधून बाहेर निघत नाही, म्हणून काढता-घालता येण्याचा सगळा उद्देशच संपतो.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदम करण्यासारखे आहेत. पहिला, पुढे येणारी लांबी निम्मी करणे : ३०० ऐवजी १५० मिमी ठेवली की आडवा ताण बरोबर निम्म्यावर येतो. त्यासाठी बंपरच्या खालच्या कडेला खाच पाडून रिसीव्हरचे तोंड बंपरच्या तोंडाबरोबर आणावे लागते. दुसरा, पोकळऐवजी भरीव दांडा वापरणे. दोन इंची भरीव दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद पोकळच्या जवळजवळ दीडपट असते, आणि ४०० मिमीच्या तुकड्यात वजन फक्त साडेचार किलोंनी वाढते. तिसरा, विंचची बैठक खाली घेणे. प्लेट दांड्यावर ठेवण्याऐवजी दांडा क्रेडलच्या मागच्या भिंतीत मध्यावर घुसवून तिला जोडला की दोराची रेषा दांड्याच्या मध्यरेषेच्या २५ मिमीच्या आत आणता येते, आणि उभा ताण जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. या तिन्हींनंतर ३० अंशांच्या पूर्ण ओढीतही दांड्याच्या सर्वांत ताणलेल्या कोपऱ्यावर २०० मेगापास्कलच्या आसपासच ताण राहतो. सुरक्षिततेची भरपूर जागा उरते असे मी म्हणणार नाही, पण ओढीला भार लागताच विंचचा आवाज खाली बसतो, तेव्हा दांड्याकडे पाहत श्वास रोखून उभे राहावे लागत नाही.

याखेरीज क्रेडलच्या दोन्ही टोकांना १६ मिमी जाडीच्या प्लेटचे डोळे जोडून, त्यांतून आखूड साखळ्या चासीच्या टो-हुकांपर्यंत नेऊन टर्नबकलने (फिरवून आवळायच्या आट्यांच्या जोडाने) ताणून घेण्याची रचना मला फार आवडली. दोर उजवीकडे ओढत असेल तर डावीकडची साखळी तो भार थेट चासीला देते. साखळी खरोखर ताणलेली असेल तरच हे घडते. सैल साखळीचा उपयोग दांडा वाकून झाल्यावर सुरू होतो. ती लावायला वेळ लागतो, त्यामुळे ओढ सरळ असेल तेव्हा ती न लावण्याचा मोह होतो, पण भिजलेल्या जमिनीवर गाडी सरकू लागली की सरळ ओढ सरळ राहतेच असे नाही.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. ६ मिमीच्या वर जाडीच्या पोलादाला हलक्या मशीनने दिलेला टाका वरून सुरेख दिसतो आणि आत चिकटलेला नसतो. कोरड्या ठेवलेल्या ई-७०१८ रॉडने किंवा पुरेशा ताकदीच्या मिग मशीनने, कडा तिरक्या घासून, दोन-तीन थरांत काम करावे. गंज, रंग आणि जस्ताचा मुलामा जोडाच्या जागेवरून पूर्ण काढावा; जस्ताचा धूर विषारी असतो. रिसीव्हर ट्यूब आडव्या पाइपला जोडताना उष्णतेने ती आत आवळते, म्हणून आत दोन इंची दांडा घालून ठेवावा, आधी चारही बाजूंना टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारावेत आणि मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून भराव्यात. आडव्या पाइपला ट्यूबसाठी खिडकी कापून ती आरपार बसवण्याची पद्धत दिसायला नेटकी असली, तरी ज्या ठिकाणी सर्वाधिक ताण येतो तिथलेच पोलाद कापले जाते. ट्यूब खाली धरून दोन्ही बाजूंना आधाराच्या त्रिकोणी प्लेटा, म्हणजे गसेट, देणे मला जास्त पटते. ट्यूबच्या तोंडापासून चासीच्या प्लेटांपर्यंत दोन तिरपे टेकू दिले तर बाजूच्या ओढीला आडवा पाइप पिळवटत नाही. हे टेकू अनेक घरगुती बांधण्यांत नसतात आणि तीच त्यांची मोठी उणीव आहे. गाडीवर वेल्डिंग करणे अटळच झाले, तर आधी बॅटरीची जोडणी काढून ठेवावी.

दांडा आणि ट्यूब यांच्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट असतेच. टोइंगमध्ये ती नुसती खडखडते. विंचमध्ये तिच्यामुळे भार आला की क्रेडल किंचित कलतो आणि दोर ड्रमवर एका बाजूला चढू लागतो. यू-बोल्टने दांडा वर आवळणारा साधा अँटी-रॅटल क्लॅम्प लावल्यावर हा त्रास थांबतो. पिनेचे भोक मोठे पाडून घालणे सोपे करण्याचा मोह मात्र आवरावा. रिसीव्हरमध्ये साचलेली वाळू हाच पीन न बसण्याचा खरा अडथळा असतो : दांडा शेवटच्या बोटभर अंतरावर करकरत थांबतो, भोकातून उजेडाची नुसती चंद्रकोर दिसते, आणि हातोडीने ठोकून काही होत नाही. रबरी टोपी कायम लावलेली असावी आणि ट्यूबच्या मागच्या टोकाला खाली पाणी निघायला भोक असावे, म्हणजे एवढ्यावरच काम भागते.

विजेची बाजू लोखंडाइतकीच काळजीने करावी लागते आणि तिथेच बहुतेकांचा हात आखडतो. १२ व्होल्टची ही विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास वीज घेते. बॅटरीपासून पुढच्या बंपरपर्यंत जाऊन-येऊन ६ मीटर तार धरली, तर ३५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ७० चौरस मिमीच्या केबलमध्ये ०.६ व्होल्ट. मागच्या रिसीव्हरसाठी अंतर दुप्पट धरले तर ७० चौरस मिमी घेऊनही पुन्हा १.२ व्होल्टवर येतो. मोटरला मिळणारे व्होल्टेज कमी झाले की तिचा वेग घटतो आणि तेवढेच काम करायला ती जास्त वेळ तापत राहते. म्हणून केबल जाड घेण्यात काटकसर करू नये, आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाला लावायचे धातूचे जोड, दाबयंत्राने दाबून बसवावेत. नुसते डाग देऊन बसवलेले लग तापले की सुटतात. परतीची केबलही थेट बॅटरीला न्यावी. रंगवलेला दांडा, रंगवलेली ट्यूब आणि एक पिन यांच्या भरवशावर ४०० अँपिअर परत नेता येत नाहीत.

जोडणीसाठी अँडरसन कनेक्टर, म्हणजे जास्त अँपिअरसाठीचा हाताने जोडता-काढता येणारा प्लग, हा योग्य पर्याय आहे. एसबी-१७५ या मापाचा कनेक्टर सतत १७५ अँपिअरसाठी असतो आणि विंचचा थोड्या वेळाचा जास्त भार तो सहन करतो. जागा असेल तर एसबी-३५० घ्यावा. वेगवेगळ्या रंगांचे कनेक्टर एकमेकांत बसत नाहीत, ही त्यातली चांगली सोय आहे, तिचा उपयोग करून पुढे-मागे आणि विंचवर एकाच रंगाचे लावावेत. विंच नसताना बंपरपाशी उघड्या तोंडाची जिवंत केबल ठेवणे धोक्याचे आहे. पुढून धडक बसली तर ती दबून थेट बॅटरीचा भडका उडू शकतो. बॅटरीपाशीच बंद करता येणारा आयसोलेटर स्विच आणि कनेक्टरवर टोपी, या दोन गोष्टी मी या व्यवस्थेचा अनिवार्य भाग मानतो. अल्टरनेटर साधारण १०० अँपिअरच्या घरात वीज देतो, उरलेली बॅटरीतून जाते, त्यामुळे इंजिन चालू ठेवून, मिनिटभर ओढून, मोटर निवू देत काम करावे.

वापराच्या बाबतीत या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव अशी की विंच जेव्हा सर्वाधिक हवी असते, नेमके तेव्हाच ती बसवता येत नाही. गाडी नाकावर रुतली की रिसीव्हर चिखलात किंवा पाण्यात बुडतो. ५०-५५ किलोंचा क्रेडल उचलून, वाकून, पाण्याखालच्या चौकोनात दांडा शोधत बसणे एकट्याचे काम नव्हे. वाट अवघड दिसताच, रुतण्याआधी, घट्ट जमिनीवर उभे असतानाच विंच लावून घ्यावी. क्रेडलला दोन्ही बाजूंना वर उभी पकड आणि मध्ये पुढे एक आडवी पकड असेल तर दोन माणसे तो सरळ धरून सरकवू शकतात. पकडी नसलेला क्रेडल उचलताना बोटे रोलर (दोर ज्यांवरून बाहेर येतो ते) आणि बंपर यांच्यामध्ये सापडतात. क्रेडलचे वजन कमी करण्यासाठी पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर आणि रोलरऐवजी ॲल्युमिनियमचे हॉज फेअरलीड, म्हणजे दोर बाहेर काढणारी गुळगुळीत खाचेची प्लेट, घेणे हा या ठिकाणी मला खरोखर फायद्याचा खर्च वाटतो. सिंथेटिक दोर हलका असतो, त्याच्या तारा हाताला टोचत नाहीत आणि तुटला तर पोलादी दोराइतकी ऊर्जा साठवलेली नसते. त्याची दुखरी बाजू उष्णता आहे : तो १५० अंश सेल्सिअसच्या अलीकडेच वितळू लागतो, आणि ज्या विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो तिथे मोटरने दोर सोडत बसल्यास ड्रम बराच तापतो. म्हणून दोर नेहमी क्लच सोडून हाताने ओढून घ्यावा.

विंचवर लिहिलेली ओढ फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराला मिळते. वरच्या प्रत्येक थराला ती दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास घटत जाते. काढता-घालता येणारी विंच लावताना घाई असते, झाड दहा पावलांवर दिसते, आणि दोर जेवढा लागेल तेवढाच काढला जातो. मग विंच कुरकुरते. लांबचा आधार निवडून दोर जास्त काढणे, किंवा पुली लावून दोर परत आणणे, हे दोन्ही उपाय रिसीव्हरच्या दृष्टीनेही चांगले आहेत. लांब दोरामुळे बाजूचा कोन कमी होतो आणि पुलीमुळे त्याच कामासाठी विंचवर निम्मा भार पडतो. मात्र पुलीवरून परत आलेला हुक क्रेडलला कधीही अडकवू नये. तो चासीच्या टो-हुकलाच जावा. तो क्रेडलला लावला तर दोन्ही दोरांचा भार त्या एका दांड्यावर एकवटतो आणि वर केलेले सगळे गणित निरुपयोगी ठरते. ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच आणि सिंथेटिकचे किमान दहा वेढे नेहमी शिल्लक ठेवावेत.

तयार मिळणाऱ्या पुढच्या रिसीव्हरशी तुलना करताना त्यांच्यावरची पाटी नीट वाचावी. अनेकांवर विंचसाठी ९,००० पौंडांची सरळ ओढ आणि ५०० पौंडांचा उभा भार असे लिहिलेले असते. त्यातला 'सरळ' हा शब्द कारखान्यानेच घातलेला आहे, आणि तो घरगुती बांधणीलाही तितकाच लागू आहे. तयार रिसीव्हर गाडीच्या भोकांशी जुळतो, त्याची चाचणी झालेली असते आणि तो तासा-दोन तासांत बसतो. पण त्याचे तोंड अनेकदा बंपरच्या बरेच खाली येते, त्यामुळे खडकाळ वाटेवर तोच आधी आपटतो. घरी बांधताना तोंड वर, बंपरच्या पोटात घेता येते आणि पुढे येणारी लांबी आपल्या हातात राहते. एवढ्या दोन कारणांसाठी मी बांधणीचा त्रास घेणे योग्य समजतो. रोज रानातल्या वाटांवर, वळणांवर, बाजूच्या कोनातून गाड्या ओढण्याचे काम ज्याचे आहे, त्याने मात्र चासीला पक्का बसणारा विंच-बंपरच घ्यावा. लवचीक पट्ट्याने झटका देऊन दुसरी गाडी काढण्यासाठीही हा पुढचा रिसीव्हर वापरू नये. झटक्याचा भार विंचच्या ओढीच्या कितीतरी पट असू शकतो.

देखभालीत डोळ्यांना काम जास्त आहे. जड ओढीनंतर कॉलरपाशी आणि गसेटच्या टोकांशी रंग पुसून पाहावा. केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर ती रंगातली नव्हे, जोडातली चीर समजावी, आणि डाय-पेनिट्रंट (चीर उठून दाखवणारा रंग) फवारून खात्री करेपर्यंत विंच लावू नये. चासीचे बोल्ट पहिल्या जड वापरानंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, कारण नवीन प्लेटांखालचा रंग दबून आवळणे कमी होते. दांड्याला पातळ ग्रीस पुरेसे आहे. जाड ग्रीसमध्ये वाळू अडकते. काढून ठेवलेली विंच अधूनमधून कनेक्टरला जोडून दोर दोन्ही दिशांनी थोडा चालवावा, ओला दोर उलगडून वाळवावा आणि परत भरताना तो हलक्या भाराखाली, वेढ्याला वेढा लागून बसेल असा गुंडाळावा.